बंब शेवटी घ्या

स्वयंसेवी अग्निशमन दलाला पैसे मिळणार म्हटलं की पहिली मागणी बंबाची होते. देणाऱ्यालाही बंबच द्यायला आवडतो. तो मोठा असतो, लाल असतो, त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढता येतो. होजच्या, म्हणजे पाणी नेणाऱ्या लवचीक नळ्यांच्या, गुंडाळ्यांपुढे फोटो काढायला कोणी उभं राहत नाही. पण प्रत्यक्ष आगीच्या जागी दल कमी पडतं ते बहुतेक वेळा वेगळ्याच कारणांनी. पाणी पाच मिनिटांत संपतं. शेजारच्या दलाचं कपलिंग, म्हणजे होज जोडायचा सांधा, बसत नाही. धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर न्यायचे हवेचे सिलिंडर आणि मास्क, म्हणजे बीए सेट, दोनच असतात. पंप चालू होतो, पण पाणी ओढत नाही. कामाच्या दिवशी भर दुपारी हाकेला तिघंच येतात. यातली एकही अडचण नव्या बंबाने सुटत नाही. दलाला काय द्यायचं हे ठरवताना सुरुवात माणसापासून करावी, मग पाणी, मग श्वासाची हवा, आणि बंब शेवटी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. स्वयंसेवी दल म्हणजे खऱ्या दलाची गरिबाघरची आवृत्ती नव्हे. ऑस्ट्रियात पूर्णवेळ पगारी महापालिका दलं फक्त सहा शहरांत आहेत: व्हिएन्ना, ग्राट्स, लिंट्स, साल्झबुर्ग, इन्सब्रुक आणि क्लागेनफुर्ट. बाकी देशाची भिस्त प्रामुख्याने स्वयंसेवकांवर आहे. चिलीत तर राजधानी सांतियागोची आगही स्वयंसेवकच विझवतात. १८६३ साली तिथल्या एका चर्चमध्ये लागलेल्या आगीत सुमारे दोन हजार माणसं मेली आणि त्याच महिन्यात शहराचं दल उभं राहिलं. तेव्हा कौशल्याचा किंवा हिमतीचा प्रश्न नाही. फरक दोनच गोष्टींत पडतो, वेळ आणि संख्या. पगारी दलाचे जवान केंद्रातच असतात. स्वयंसेवक आधी घरून किंवा कामावरून केंद्रात येतो, मग गाडी निघते, आणि किती जण येतील हे निघेपर्यंत माहीत नसतं. साधनांची यादी या दोन गोष्टींवरून ठरली पाहिजे. ती सहसा पगारी दलाच्या यादीवरून उतरवलेली असते.

आधी वेळेचं बघू. फोमचे सोफे, कृत्रिम धाग्यांचे पडदे आणि प्लास्टिकच्या वस्तू असलेली खोली आज पाच मिनिटांच्या आत पूर्ण पेटू शकते. अमेरिकेतल्या यूएल या चाचणी संस्थेने अशी खोली आणि लाकूड-कापसाच्या जुन्या फर्निचरची खोली शेजारी-शेजारी पेटवून पाहिली, तेव्हा जुन्या खोलीला जवळपास अर्धा तास लागला होता. स्वयंसेवी दल निरोप मिळाल्यापासून दहा मिनिटांत पोचलं तर ते चांगलं काम समजायचं. म्हणजे ज्या खोलीत आग लागली ती दल येईपर्यंत बहुधा गेलेली असते. दलाचं पहिलं काम बाहेरून भरपूर पाणी मारून भडका खाली आणणं, शेजारचं घर वाचवणं आणि अजून न पेटलेल्या खोल्यांतून माणसं काढणं हे असतं. त्यासाठी धुरात घुसण्याच्या महागड्या उपकरणांआधी मिनिटाला ४०० लिटर पाणी सलग देणारी एक लाइन, म्हणजे पंपापासून नोझलपर्यंत जोडलेली होज, हवी. बंबाची टाकी २००० लिटरची असेल तर ही लाइन बरोबर पाच मिनिटं चालते. सहाव्या मिनिटाचं पाणी कुठून येणार, याचं उत्तर निघण्याआधी तयार हवं.

आता संख्या. चार जण आले असं धरू. एक पंपावर, दोघं नोझलवर, एक प्रमुख, जो सगळीकडे बघतो आणि वायरलेसवर बोलतो. या चौघांना झेपेल तेच साधन उपयोगाचं. ६३ मिलिमीटर व्यासाच्या ३० मीटर होजमध्ये सुमारे ९३ लिटर पाणी मावतं, म्हणजे ९३ किलो, होजचं आणि कपलिंगचं वजन वेगळं. दाब भरलेली ही लाइन दोघांना ओढत वळणावरून नेता येत नाही. ३८ मिलिमीटरच्या तेवढ्याच होजमध्ये ३४ लिटर मावतं, ती नेता येते. मग सगळीच होज ३८ची घ्यावी, असं कोणालाही वाटेल, आणि लहान दलं नेमकी हीच चूक करतात.

होजमधून पाणी जाताना घर्षणाने दाब कमी होतो. प्रवाह दुप्पट केला तर ही घट चौपट होते आणि व्यास कमी केला तर ती फारच झपाट्याने वाढते. मिनिटाला ४०० लिटर नेताना ३८च्या होजमध्ये दर ३० मीटरला साधारण १.८ बार (बार हे दाबाचं एकक) दाब जातो. ६३च्या होजमध्ये तेवढ्याच अंतराला ०.१५ बार. आता घर रस्त्यापासून ९० मीटर आत आहे आणि पंपावर ७ बार दाब ठेवला आहे असं समजा. पूर्ण लाइन ३८ची असेल तर सुमारे साडेपाच बार वाटेतच संपतात आणि नोझलवर दीड बार उरतो. पाण्याची धार पडते, पण आगीपर्यंत जात नाही. तेच पहिले ६० मीटर ६३ची होज टाकून शेवटचे ३० मीटर ३८ची जोडली, तर नोझलवर पावणेपाच बारच्या वर मिळतात. घर उंचावर असेल तर दर १० मीटर चढाला एक बार आणखी वजा करा. हा सगळा फरक ६३ला ३८ जोडणाऱ्या एका अडॅप्टरचा किंवा एका लाइनच्या दोन करणाऱ्या ब्रीचिंगचा आहे. नव्या बंबाच्या किमतीपुढे ही किरकोळ वस्तू आहे, आणि बऱ्याच केंद्रांत ती सापडत नाही किंवा सापडली तरी तिचा रबरी वायसर गायब असतो.

ग्रामीण भागात हायड्रंट, म्हणजे होज जोडायचा रस्त्याकडेचा नळ, नसतो, त्यामुळे पाणी टँकरने आणावं लागतं. इथे सगळे टँकरचा आकार मोजतात. मोजायची असते ती फेरी. ५००० लिटरचा टँकर आहे. भरायला १० मिनिटं, जायला ६, रिकामा व्हायला १२, परत यायला ६. एकूण ३४ मिनिटं. म्हणजे सरासरी मिनिटाला १४७ लिटर पाणी मिळालं, आपल्या एका लाइनलाही ते पुरत नाही. आता टँकर तोच ठेवा, रस्ता तोच ठेवा. पाणवठ्यावर मिनिटाला १००० लिटर देणारा पोर्टेबल पंप बसवा, म्हणजे भरणं ५ मिनिटांवर येईल. टँकरच्या मागे मोठ्या तोंडाचा डंप व्हॉल्व्ह लावा आणि आगीजवळ उघडी घडीची टाकी मांडा, म्हणजे रिकामं होणं २ मिनिटांवर येईल. फेरी १९ मिनिटांची झाली आणि सरासरी मिनिटाला २६३ लिटरवर गेली. दुसरा टँकर न घेता पावणेदोन पट पाणी. घडीच्या टाकीचा आणखी एक फायदा आहे: बंब त्या टाकीतून पाणी ओढत राहतो आणि टँकरला बंबाला जोडलेलं थांबावं लागत नाही. तळी, विहिरी, कालवे, शेततळी यांपैकी कुठे पंप उतरवता येतो, रस्ता किती रुंद आहे आणि टँकर वळवायला जागा कुठे आहे, याचा नकाशा मात्र आधी काढलेला हवा. आणि तो पाणी सगळ्यांत कमी असतं त्या दिवसांत काढलेला हवा, कारण भरलेल्या तळ्याचा नकाशा सगळ्यांनाच काढता येतो.

पाणी ओढण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वाधिक फजिती इथेच होते. पंप पाणी वर खेचत नाही. तो सक्शन होजमधली, म्हणजे पाण्यात सोडलेल्या नळीतली, हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. म्हणून पुस्तकात दहा मीटरची मर्यादा लिहिलेली असली तरी प्रत्यक्षात सुमारे सात मीटरच्या पुढे भरवसा नाही, आणि समुद्रसपाटीपासून जितकं उंच जाल तितकी ती आणखी घटते. विहिरीतलं पाणी आठ-नऊ मीटर खाली गेलं असेल तर काठावरचा कितीही ताकदीचा पंप निरुपयोगी. तिथे पाण्यात सोडायचा पंप लागतो. सात मीटरच्या आतही पंप पाणी धरत नसेल तर पंपाला दोष देण्याआधी सक्शनचे जोड बघावेत. जोडातला कडक झालेला किंवा खडा अडकलेला गॅस्केट (रबरी कडं) हे नेहमीचं कारण. बारीकशी फट असली की पाण्याऐवजी हवा येते. दुसरं कारण सक्शनच्या टोकाच्या गाळणीचं. ती पाण्याच्या पृष्ठभागाजवळ राहिली तर भोवरा तयार होऊन पंप हवा गिळतो, आणि तळाला टेकली तर गाळ गिळतो. गाळणीवर निदान अर्धा-पाऊण मीटर पाणी हवं आणि ती दोरीने टांगलेली हवी. परीक्षा सोपी आहे. सक्शनचं तोंड बंद करून प्रायमरने (पंपातली हवा काढणाऱ्या यंत्रणेने) निर्वात करा, प्रायमर थांबवा आणि पाच मिनिटं काटा बघा. काटा झपाट्याने पडला तर कुठेतरी गळती आहे. महिन्यातून एकदा हे केलं की आगीच्या रात्री टॉर्च घेऊन वायसर शोधावा लागत नाही.

टँकरबद्दल एक इशारा. इंधनाचा किंवा दुधाचा जुना टँकर दलाला भेट देण्याची पद्धत सगळीकडे आहे. पेट्रोलचं वजन लिटरला साधारण पाऊण किलो असतं, पाण्याचं एक किलो. १०,००० लिटर पेट्रोल वाहण्यासाठी बांधलेल्या टाकीत काठोकाठ पाणी भरलं की गाडीवर अडीच टन जादा भार येतो. ब्रेक, अॅक्सल, स्प्रिंगा हे सगळं त्या हिशोबाने बांधलेलं नसतं. दुधाच्या टाकीची भानगड वेगळी. आतून धुणं सोपं जावं म्हणून तिच्यात आडभिंती बहुधा नसतात. अर्धवट भरलेली अशी टाकी वळणावर घेतली की पाण्याचा लोंढा एका बाजूला आदळतो आणि गाडी उलटते. स्वयंसेवकाला अशी गाडी चालवायचा रोजचा सराव नसतो, वरून घाई असते, पट्टा लावलेला नसतो. आगीकडे जाताना दगावलेल्या स्वयंसेवकांची संख्या कुठल्याही देशात नगण्य नाही.

हवेचा मुद्दा शहरात जास्त तातडीचा आहे, कारण तिथे धूर जिन्यात आणि तळघरात कोंडतो. बीए सेटच्या ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने कागदोपत्री १८०० लिटर हवा असते. मिनिटाला ४० लिटर धरून तो ४५ मिनिटांचा म्हणून विकला जातो. होज ओढत जिना चढणारा माणूस त्याच्या दुप्पट हवा घेतो. वर साधारण ५५ बारला शिटी वाजते, आणि त्यानंतरची हवा बाहेर पडण्यासाठी राखीव. हाताशी काम करायला अठरा मिनिटं राहिली, त्यातच आत जाणं आणि परत येणं आलं. दोघं आत असतील तर बाहेर दोघं सेट घालून तयार पाहिजेत, त्यांना काढायला. अमेरिकेत हा कायद्याचा नियम आहे आणि तो असो वा नसो, हिशोब बदलत नाही. म्हणजे चार सेट आणि चार प्रशिक्षित माणसं ही आत जाण्याची किमान अट. दोन सेट घेऊन ठेवणारं दल सर्वांत धोकादायक, कारण ते असले की आत जायचा मोह होतो. ज्याला चार परवडत नाहीत त्याने एकही घेऊ नये, ते पैसे होज आणि पंपावर घालावेत आणि बाहेरून काम करावं. हे अनेकांना पटणार नाही याची कल्पना आहे.

सेट घेतला की त्याचा संसार येतो. सिलिंडरची ठरावीक वर्षांनी दाब-चाचणी, मास्क प्रत्येकाच्या चेहऱ्याला बसतो का याची तपासणी (दाढी असली की बसत नाही, इथे वाद नको), आणि हवा भरण्याची सोय. कॉम्प्रेसरचा हवा घेणारा पाइप गाडीच्या धुराड्याजवळ असेल तर सिलिंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरून आपलीच माणसं आत पाठवली जातात.

अंगावरच्या पोशाखाबद्दल दोन शब्द. घराच्या आगीसाठीचा तीन थरांचा कोट गवताच्या आगीत दोन तास घातला तर माणूस उष्माघाताने पडतो. गवताच्या आगीचा एकेरी सुती पोशाख घालून जळत्या घरात जाणं तर विचारूच नका. दोन्ही कामं करणाऱ्या दलाला दोन्ही पोशाख हवेत, आणि पुरात उतरायचं असेल तर तिसरा संच: लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि फेकायची दोरी. पाण्यात गमबूट आणि जड कोट माणसाला खाली नेतात. मोठ्या दलांकडून येणारे वापरलेले कोट घेताना आतल्या लेबलवरची तारीख बघावी. अमेरिकी मानक उत्पादनापासून दहा वर्षांनी पोशाख बाद करायला सांगतं, कारण बाहेरचं कापड धडधाकट दिसत असलं तरी आतला ओलावा अडवणारा थर सुटलेला असतो. काजळीचा कोट घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नये. अग्निशामकाच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली कर्करोगकारक ठरवलं आहे, तेव्हा केंद्रातच वेगळं धुलाई यंत्र ही चैन राहिलेली नाही.

गवताच्या आणि रानातल्या आगीत बंबापेक्षा पाठीवरचा १५-२० लिटरचा पंप, झोडपणी, दाताळं आणि पानं उडवणारा ब्लोअर जास्त काम करतात. गाडीवर मात्र एक नियम अटळ हवा: टाकीतलं शेवटचं पाणी गाडीतल्या माणसांसाठी. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या लिंटन इथे २ डिसेंबर १९९८ रोजी रानातल्या आगीत वारा फिरला आणि पाणी भरायला निघालेल्या टँकरमधले पाच स्वयंसेवक जळून गेले. त्यानंतर टाकीत राखीव पाणी ठेवणं, गाडीवर फवारे आणि उष्णता अडवणारे पडदे बसवणं यावर तिथे काटेकोर भर दिला गेला. काम थांबवून पाणी राखून ठेवणं समोर आग दिसत असताना फार जिवावर येतं. म्हणून तो निर्णय माणसावर सोडू नये. टाकीच्या दर्शकावर लाल रेघ मारावी आणि त्या रेघेला नोझल बंद.

शहरातली अडचण उलटी. पाणी दारात असतं, पण जोडता येत नाही. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर पेटलं तेव्हा आसपासच्या शहरांतून बंब धावून आले आणि त्यांतल्या अनेकांच्या होज तिथल्या हायड्रंटला बसल्याच नाहीत. दीड हजाराहून जास्त इमारती गेल्या. १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवरच्या आगीत पुन्हा तेच, हायड्रंटचं तोंड तीन इंची आणि मदतीला आलेल्यांच्या होज अडीच इंची. १८८२ साली शोधलेल्या स्टॉर्त्स कपलिंगमध्ये नर-मादी हा भेदच नाही, एकाच मापाचं कुठलंही टोक कुठल्याही टोकाला लागतं. कुठलं कपलिंग निवडावं यापेक्षा सगळ्या शेजाऱ्यांनी एकच निवडावं हे महत्त्वाचं. आणि ते होईपर्यंत प्रत्येक गाडीवर अडॅप्टरची एक पेटी, वर काय कशाला लागतं हे रंगवलेलं. अनुदान देणाऱ्याने एकच अट घालायची झाली तर ती हीच असावी.

अपघातात मोटारीत अडकलेल्यांना काढण्यासाठी कटर-स्प्रेडर, म्हणजे पत्रा कापणारी आणि फाकवणारी यंत्रं, मागितले जातात. नव्या मोटारींचे छत पेलणारे खांब अतिकठीण पोलादाचे असतात आणि जुने दान आलेले कटर त्यावर दात मोडून घेतात. मागणी करण्याआधी एवढं तरी करावं: १० बाय १० सेंटीमीटर जाडीचे लाकडी ठोकळे आणि पाचरी, दोन-तीन डझन. गाडी हलू न देणं हे सुटकेचं पहिलं पाऊल आहे आणि ते सुतार करून देतो.

विहिरी, टाक्या, मलकुंड यांत पडलेल्याला काढताना वाचवणारेच मरतात, एकामागून एक. चार वायू मोजणारा मीटर, माणूस दोरीने वर-खाली करायची तिवई आणि वारा सोडणारा ब्लोअर नसेल तर तिथे उतरायचं नाही. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की जागा असुरक्षित, आणि १० टक्क्यांखाली माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. मीटरचे सेन्सर दोन-तीन वर्षांत मरतात. मेलेला मीटर 'सगळं ठीक' दाखवू शकतो, म्हणून वापरण्याआधी चाचणी-वायू देऊन तो ओरडतो का हे पाहावं लागतं.

माहिती हेसुद्धा साधन आहे. १७ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या वेस्ट गावात खताच्या गोदामाला आग लागली. आत अमोनियम नायट्रेट होतं. स्फोटात १५ माणसं मेली, त्यांतली १२ मदतीला धावलेली, बहुतेक स्वयंसेवी अग्निशामक. कुठलाही बंब तिथे उपयोगी पडला नसता. कोणत्या शेडमध्ये काय साठवलंय, किती, आणि कुठल्या आगीपासून नुसतं लांब राहायचं, हे लिहिलेलं एक पान प्रत्येक गाडीत हवं आणि ते दरवर्षी जाऊन तपासलेलं हवं.

यावर आक्षेप असा येतो की देणगीदार बंबासाठीच पैसे देतात, वायसरसाठी कोण देणार? आणि नवी गाडी आली की तरुण मुलं दलात येतात. दुसरं खरं आहे. पण ती टिकतात सरावामुळे, आणि सराव होज-पंपावरच होतो. पहिल्याला उत्तर व्यवहारी आहे. जिथे सरकार किंवा नगरपालिका भांडवली अनुदान देते तिथे वार्षिक देखभालीची तरतूद त्याच ठरावात बांधलेली हवी, नाहीतर ठराव करू नये. कमी वापराच्या गाड्या झिजत नाहीत, त्या वयाने मरतात. दहा वर्षांच्या टायरवर नक्षी कोरी करकरीत दिसते आणि रबर आतून तडकलेलं असतं. पोर्टेबल पंपात सहा महिने राहिलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतं आणि दोरी ओढून ओढून हात दुखतात. बॅटरी उतरते. ओली गुंडाळलेली होज घडीवर कुजते. यासाठी आठवड्याला एक तास, नाव नेमून दिलेला एक माणूस आणि भिंतीवर सहीची वही लागते.

एवढं सगळं झाल्यावर बंब घ्यावा, जरूर घ्यावा. तेव्हा तो केवढा हवा हेही कळलेलं असेल. बहुतेक लहान दलांना अरुंद रस्त्यात शिरणारी, चौघांची, मध्यम टाकीची साधी गाडी लागते, शिडीचा मनोरा नव्हे. आणि कोणी जुना बंब फुकट देऊ केला तर भरल्या टाकीने त्याला वजनकाट्यावर न्यावं, अॅक्सलवरचा भार पाटीवरच्या आकड्याशी ताडून पाहावा, टायरच्या बाजूवरचा वर्ष-आठवड्याचा शिक्का वाचावा, पंपाची निर्वात परीक्षा घ्यावी आणि त्याचे सुटे भाग अजून मिळतात का हे विचारावं. यांतलं एक जरी बसलं नाही तरी नाही म्हणण्याचा अधिकार दलप्रमुखाला लेखी दिलेला असावा, देणारा कितीही मोठा असला तरी.